पाटी नवी करायची, पण अक्षर कोणाचं?

वहीवाली:
आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आहे. आजोबांनी रंगवून घेतलेली पत्र्याची पाटी या पावसाळ्यात एका बाजूने गंजून सुटली आणि घरात वाद पेटला. धाकट्या भावाने नव्या पाटीचं डिझाइन करून आणलं: ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं, आतून दिवे. काम स्वच्छ आहे. पण तीच गोल, जाड अक्षरं आमच्या रांगेतल्या चार दुकानांवर, समोरच्या चहावाल्याकडे आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यावरही आहेत.

आमच्या नावात एक ल आहे आणि एक श. जुन्या पाटीवर पेंटरने ल ची डावी पाकळी उजवीपेक्षा मोठी काढली आहे, आणि श चा देठ खाली ओढून पुढच्या अक्षराच्या पोटाखाली नेला आहे. ज्यांना अजून वाचता येत नव्हतं अशी बालवाडीतली पोरंसुद्धा ती पाटी ओळखायची. नव्या डिझाइनमध्ये ल हिंदी पुस्तकातला आला, श सुद्धा तिथलाच. भावाला दाखवलं तर म्हणाला, "ताई, कोणाच्या लक्षात येतंय?"

माझ्या लक्षात येतं. दुकानाला नाव असतं तसं त्या नावाला स्वतःचं वळणही असावं असं मला मनापासून वाटतं. दुकानांवर मराठी पाट्या सक्तीच्या झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मला आनंद झाला होता. पण आमच्या भागात त्या घाईत ज्या पाट्या लागल्या त्यातल्या कितीतरी एकाच साच्यातल्या निघाल्या. मराठी आली आणि तिच्या अक्षरातली गंमत मात्र राहून गेली. तुम्हाला काय वाटतं? माझं चुकत असेल तर तेही सांगा.

नदीपलीकडचा:
ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूने. त्या चौकात दुचाकीवरून जाताना पाटी वाचायला किती वेळ मिळतो? समोर रिक्षा, बाजूला जून महिन्यातली पालकांची गर्दी. नजर वर जाते आणि परत येते, तेवढ्यात नाव कळलं पाहिजे.

शिवाय आपल्या लिपीची अडचण वेगळीच आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ही सगळी मंडळी दोन फुटांच्या पाटीत बसवायची म्हणजे मधलं मूळ अक्षर आधीच लहान होतं. त्यात देठ लांबव, पाकळी फुगव असं केलं की वाचायला उरतं काय? गोल, जाड अक्षर सगळीकडे दिसतं कारण ते लांबून कळतं. आज मुक्ता, बालू यांसारखे चांगले देवनागरी टंक (फॉन्ट) कोणालाही फुकट वापरता येतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या पाटीलाही नीट अक्षर मिळतं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

शनिवारातला जुळारी:
मी एका छापखान्यात २६ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. वय झालंय, त्यामुळे लिहायला वेळ लागतो, पण हा विषय सोडवत नाही.

देवनागरीच्या एका टंकाला शेकडो खिळे लागायचे. बाराखडी आणि जोडाक्षरं यांनी केसेस, म्हणजे खिळे ठेवायचे खणांचे ट्रे, भरून जात, इंग्रजीचा जुळारी बसून काम करी तेव्हा आम्ही हात लांब करून उभे. हा पसारा कमी व्हावा म्हणून टिळकांनी खटपट केली, सावरकरांनी तर 'अि, अी, अु' अशी अ ची बाराखडीच सुचवली. हे सगळं कशासाठी? मजकूर लवकर आणि स्वच्छ वाचकापर्यंत जावा म्हणून. दुसऱ्या फाउंड्रीचा (खिळे ओतणाऱ्या कारखान्याचा) एखादा ग चुकून आमच्या केसमध्ये मिसळला की त्या पानावर डोळा नेमका तिथेच अडखळे. मालक ओरडत, आणि त्यांचं बरोबर होतं. वाचणाऱ्याचं लक्ष अक्षराकडे गेलं की मजकुराकडचं सुटलं, हे मी त्या छापखान्यात शिकलो.

म्हणून मी साध्या अक्षराच्या बाजूचा. पण बाई, साधं म्हणजे कोणतंही नव्हे. मुंबईत जावजी दादाजींनी आपल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे पाडले ते साधेच होते, आणि ते वळण इतकं नेटकं होतं की मुंबईचा अ, झ आणि ण बघत पिढ्या वाढल्या. उत्तरेच्या जुन्या पुस्तकांतला अ बघा, आपल्या मुलाला तो ओळखता येणार नाही. तुमच्या भावाला साधं अक्षर घेऊ द्या, फक्त ल आणि श आपले घ्यायला लावा. शासनाच्या वर्णमालेतही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मान्य आहेत.

सारसबागेजवळ:
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. तिला औषधाच्या दुकानाची पाटी कळली पाहिजे. बाकी वाद मला परवडत नाही.

टंकघडण:
मी अक्षरं काढण्याचंच काम करते, त्यामुळे थोडं तांत्रिक बोलते.

वहीवालीताई, तुमच्या डिझाइनमध्ये हिंदी ल आला याचं कारण बहुतेक साधं असेल. बऱ्याच टंकांत दोन्ही रूपं भरलेली असतात, पण आपोआप उमटतं ते हिंदीतलं. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तर पाकळीचा ल मिळतो. पाटी करणारा ती निवडत नाही किंवा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोयच नसते. तयार अक्षरांत दुसरा धोका म्हणजे आपला अर्धा र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत एक स्वयंपाकघरात असतो, दुसरा मठात. तो र चुकवणारी पाटी माझ्या दृष्टीने वाचनीय असूच शकत नाही, कितीही जाड असो.

आता मूळ मुद्दा. जुळारीकाका आणि नदीपलीकडचे दादा टंकाबद्दल बोलताहेत. टंक करायचा तर प्रत्येक अक्षर प्रत्येक अक्षराशेजारी बसलं पाहिजे, जोडाक्षरं धरून कित्येक शे आकार काढावे लागतात, म्हणून प्रत्येकाने थोडं दबून राहायचं असतं. पाटीवर मोजून सहा-सात अक्षरं आणि त्यांचे शेजारी कायमचे ठरलेले. तिथे श चा देठ लांब जाऊ शकतो, कारण पुढे कोण बसलंय हे माहीत आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षकं काढली ती अशीच, एकेका नावापुरती. नाटकाचा स्वभाव अक्षरांतूनच कळायचा. तयार टंक ताणून, सावली लावून ते येत नाही. वेगळेपण अक्षराच्या हाडात असलं पाहिजे, वरून चिकटवलेल्या झालरीत नको.

नदीपलीकडचा:
शेडगे यांचं काम मलाही आवडतं. पण ती जाहिरात हातात पेपर धरून, चहा पीत बघायची. रस्त्यावरची पाटी तशी बघत नाहीत. आणि सहा अक्षरं काढून घ्यायची तर काढणारा लागतो, त्याचे पैसे लागतात. वह्या विकणाऱ्याने ते का द्यावेत?

पेंटरचा मुलगा:
माझे वडील पाट्या रंगवायचे. रविवार पेठ, बोहरी आळी, मंडईची मागची बाजू, सगळीकडे त्यांचं काम होतं. फ्लेक्स आलं आणि काम दोन-तीन वर्षांत संपलं. शेवटी ते एका गोदामात नोंदी लिहायला लागले. जुन्या पाट्यांबद्दल लोक आता हळहळतात तेव्हा मला त्रास होतो, कारण पाचशे रुपये वाचवायला तीच माणसं दुसरीकडे गेली होती. वहीवालीताई, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही पाटी इतकी वर्षं ठेवलीत.

पण एक सांगायचं आहे. वडील आधी खडू लावलेला दोरा ताणून शिरोरेषा मारायचे. मग नावाची अक्षरं मोजून मधल्या अक्षरापासून सुरुवात. ट, ठ, ड, ढ, द, र अशी अक्षरं आली की त्रासायचे, कारण त्यांना शेवटी उभा काना नाही आणि बाजूला भोक पडल्यासारखं दिसतं. ते भोक भरायला शेजारच्या अक्षराची पाकळी फुगवायची, नाहीतर देठ तिकडे वळवायचा. तुमच्या ल ची डावी पाकळी मोठी आहे म्हणता, तर त्याच्या डावीकडे नक्की असंच अक्षर असणार. ते सजावट करत नव्हते. नाव लांबून एकसंध दिसावं याचीच ती धडपड होती. म्हणजे नदीपलीकडचे दादा जे मागताहेत, त्यासाठीच.

शनिवारातला जुळारी:
हे मला माहीत नव्हतं. खिळ्यांत आम्ही ते भोक तसंच सोडायचो, दुसरा इलाजच नव्हता. तुमचे वडील असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

नदीपलीकडचा:
पटलं, अर्धं. नियम म्हणून अजूनही मी जाड आणि साध्याच्याच बाजूने आहे, विशेषतः दवाखाना, औषधं, बस यांच्यासाठी. तुम्ही दोन्ही अक्षरं खऱ्या आकारात कागदावर काढून रस्त्याच्या पलीकडून बघा ना.

वहीवाली:
चार दिवसांनी लिहितेय. ल च्या डावीकडे ड आहे. पेंटरच्या मुलाचं वाचून मी आणि भाऊ दोघं शिडीवर चढून बघून आलो.

जुन्या पाटीवर बटर पेपर धरून अक्षरं उतरवली, गंजाने खाल्लेली दोन ठिकाणं अंदाजाने पुरी केली. भावाने आपलं डिझाइन त्याच मापात छापून आणलं, यावेळी मराठी ल-श घालून. रविवारी शटर बंद असताना दोन्ही कागद वरखाली चिकटवले आणि समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. दुपारी ड आणि ल ची जोडी आमच्या जुन्या अक्षरात जास्त घट्ट दिसली, हे भावाने स्वतः म्हटलं. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर मात्र श चा लांब देठ पुढच्या अक्षराचा उकार वाटायला लागला. दुकानासमोरून जाणाऱ्या एका मुलीने नाव खरंच चुकीचं वाचलं. ते मला आवडलं नाही, पण झालं ते झालं.

आता देठ कुठे तोडायचा यावर अडलंय. मी म्हणते पुढच्या अक्षराच्या कान्यापर्यंत तरी जाऊ दे, भाऊ म्हणतो त्याच्या आधीच थांबव. टंकघडणताई, दोन्ही कागदांचा फोटो पाठवू का? आणि पेंटरच्या मुलाला विचारायचं होतं, वडील शिरोरेषा किती जाड घ्यायचे? आमच्या पाटीवरची दोन बोटं भरते, पण गंजामुळे कडा नीट कळत नाही.