ग्वाल्हेरचा जयविलास पॅलेस: आईबाबांना घेऊन जायचंय, किती वेळ ठेवू?

उंडगा_मुसाफिर:
मंडळी, डिसेंबरात दिल्लीला भावाकडे जातोय, आईबाबा सोबत आहेत, तर मधेच एक दिवस ग्वाल्हेर करावं म्हणतोय. बाबांचं गाव कोरेगाव तालुक्यात, शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड त्याच्या जवळच, त्यामुळे "आपल्या शिंद्यांचा वाडा" बघायचाच असा त्यांचा लहानपणापासूनचा हट्ट आहे. आईचं म्हणणं, झुंबरं आणि भुसा भरलेले वाघ बघायला एवढं लांब कशाला. तर म्युझियमला अर्धा दिवस पुरतो का, किल्ला त्याच दिवशी होईल का, आणि मुख्य म्हणजे आत मराठ्यांच्या इतिहासाचं काही आहे की नुसताच थाटमाट? बाबांचे गुडघे दुखतात हेही लक्षात घ्या.

लष्करवाली:
या या! आमच्या गावात या. चार पिढ्या झाल्या आम्हाला इथे येऊन, पण मराठी अजून शाबूत आहे, अधूनमधून "मेरेको" घुसतं तेवढं सोडा.
दिल्लीहून सकाळच्या शताब्दीने निघालात तर साडेनऊच्या सुमारास पोचता, स्टेशनजवळ बेडई-जिलबी खा आणि आधी पॅलेसच करा, तीन तास तरी हाताशी ठेवा. आत चालणं आणि जिने भरपूर आहेत, बाबांना मधेमधे बसवत न्या. वार आणि तिकीट निघायच्या आधी एकदा बघून घ्या, बदलत असतं. आणि पूर्ण महाल बघायला मिळेल असं समजू नका हं, एका भागात घराणं राहतं, म्युझियम म्हणजे पस्तीसेक दालनं.
आईंना सांगा, दरबार हॉलची झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची आहेत, छत पेलेल का बघायला आधी वर हत्ती चढवले होते म्हणतात. इथे प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो आणि प्रत्येकाच्या हत्तींचा आकडा वेगळा 😄 जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी मात्र चुकवू नका. डब्यांवर सिंदिया नावाचं एकेक अक्षर, पाहुण्यांपुढे ब्रँडी, सिगार घेऊन रुळांवरून फिरायची, कुणी बाटली उचलली की आपोआप थांबायची, परत ठेवली की चालू.

बखरबहाद्दर:
झुंबरं झाली, आता जरा बाबांसाठी लिहितो.
महाल बांधला ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे यांनी, १८७४ मध्ये, इंग्लंडचा युवराज येणार होता त्याच्या स्वागताचं निमित्त. आराखडा मायकेल फिलोज यांचा, हे इटालियन वंशाचं घराणं आधीपासून शिंद्यांच्या फौजेत नोकरीला होतं. म्हणून तर एक मजला टस्कन, दुसरा डोरिक, तिसरा कोरिंथियन असा सगळा युरोपी कारभार, पुण्या-साताऱ्याच्या वाड्याची खूण शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. म्युझियम १९६४ मध्ये ग्वाल्हेरचे शेवटचे राज्यकर्ते महाराज जिवाजीराव यांच्या स्मरणार्थ सुरू झालं. मराठ्यांच्या इतिहासाचं वेगळं दालन मात्र अलीकडचं, २०२२ चं, त्यात शिंद्यांबरोबर पेशवे, होळकर, गायकवाड सगळेच येतात, बाबांना तिथे वेळ द्या, झुंबराखाली दहा मिनिटं कमी झाली तरी चालेल.
एक गोष्ट स्पष्टच सांगतो. घराण्याने स्वतःच मांडलेलं म्युझियम आहे, तेव्हा पानिपतात पायाला जखम होऊनही पुढे उत्तरेत जम बसवणारे महादजी ठळक दिसणार आणि १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंच्या हाती गेलं, जयाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आग्र्याला निघून गेले, हे तिथे तेवढ्याच ठळकपणे शोधू नका. राणीची समाधी फूलबागेत आहे, पॅलेसपासून रिक्षाने थोडंसंच अंतर. दोन्ही एकाच दिवशी बघा, मग बोलू.

लष्करवाली:
झालं, बखरबहाद्दर आले की आग्रा येणारच 🙏 अहो त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे, इंग्रजांशी बिघडू नये हे सगळं त्यांचंही धोरण, एकट्या राजावर किती ढकलायचं?

बखरबहाद्दर:
ढकलत नाहीये हो ताई, दिनकररावांचं नाव मीही घेतोच. म्हणणं एवढंच की घरच्यांनी लावलेला फोटो घरच्यांच्या भिंतीवर असतो, बघणाऱ्याने शेजारची भिंतही बघावी.

लष्करवाली:
ते मान्य. बरं मुसाफिर, किल्ल्याचं राहिलंच. दुपारनंतर जा, पण उरवाई दरवाजाकडून, तिकडून गाडी वरपर्यंत जाते, दुसऱ्या बाजूची पायी चढण बाबांना झेपायची नाही. वाटेत कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतील, तिथे गाडी थांबवायला लावा. वर मानमंदिर महाल आणि सासबहू मंदिर केलंत तरी संध्याकाळ होते. आणि गाण्याची आवड असेल तर मुक्काम करा, सरोदघर म्हणून सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं राहतं घर आहे जिवाजीगंजात, त्याचंही म्युझियम केलंय. पॅलेसच्या मानाने केवढंसं, पण मला विचाराल तर तेच जास्त घर वाटतं.

उंडगा_मुसाफिर:
बाप रे, एक दिवसाचे दोन केलेत तुम्ही! आई सरोदघर ऐकून एकदम तयार झाली, तिने लहानपणी ग्वाल्हेर घराण्याच्या बुवांकडे गाणं शिकलंय. बाबा म्हणतायत समाधीला आधी जायचं आणि मग पॅलेस, यावर घरात चर्चा चालू आहे. लष्करवाली ताई, मुक्कामाला लष्कर भागात महाराज बाड्याजवळ बरं की स्टेशनजवळ?