मदत हवी आहे: तपासणीच्या वेळी न दिसणारी अस्वच्छता गुणसूचीत कशी आणावी?

सप्रेम नमस्कार.

अन्न शिजवून विकणाऱ्या व्यवसायांच्या सरकारी तपासणीत वापरायच्या गुणसूचीच्या (कोणत्या बाबीला किती गुण, याच्या यादीच्या) सुधारित मसुद्यावर मी सध्या काम करीत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. ज्यांनी अशी तपासणी स्वतः केली आहे, किंवा तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्या स्वयंपाकघराची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून कलमांपेक्षा तपासणीच्या पद्धतीविषयी विचारतो.

अडचण अशी आहे. अधिकारी स्वयंपाकघरात फार तर तास-दीड तास असतो. तेवढ्या वेळात फुटलेली फरशी, झाकण नसलेला कचऱ्याचा डबा, भिंतीवरचा तेलकट थर, टोपी न घातलेला कामगार हे सारे नजरेस पडते आणि अहवालात उतरते. लोकांना आजारी पाडणाऱ्या चुका मात्र बहुतेक वेळा त्या तासात घडतच नाहीत. मोठ्या पातेल्यात शिजवलेले अन्न रात्री ओट्यावर तसेच निवत राहिले, तर उष्णतेतून वाचलेले बॅसिलस सेरियस किंवा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची उष्णतेला दाद न देणारी सुप्त रूपे) रुजून जिवाणू झपाट्याने वाढतात. सकाळी आलेल्या अधिकाऱ्याला ते पातेले घासून पालथे घातलेले दिसते. जुलाब होत असतानाही कामावर आलेला माणूस तपासणीच्या दिवशी बरा झालेला असतो. आणि अधिकारी समोर उभा असेपर्यंत प्रत्येक जण हात धुतो.

काय तपासले पाहिजे, याबद्दल शास्त्रात संदिग्धता नाही. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फार काळ राहू नये आणि सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या आदर्श अन्न संहितेत निवण्याचेही टप्पे दिले आहेत: ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत, एकूण सहा तासांच्या आत. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोविषाणूच्या बाबतीत, त्रास थांबल्यानंतरही ४८ तास कामावर येऊ नये, हा नियम अनेक ठिकाणी पाळला जातो. अंतराळवीरांच्या अन्नासाठी १९६०च्या दशकात विकसित झालेली आणि १९९३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानके ठरवणाऱ्या आयोगाने स्वीकारलेली एचएसीसीपी (धोका-विश्लेषण आणि नियंत्रण-बिंदू) पद्धतही हेच सांगते, की धोका ज्या टप्प्यावर रोखता येतो तो टप्पा ओळखावा, मर्यादा ठरवावी आणि नोंद ठेवावी.

पण नोंद ही कागदावरची गोष्ट आहे, आणि माझी खरी शंका तेथूनच सुरू होते. तापमानाच्या नोंदवहीला जास्त गुण दिले, तर आठवड्याभराचे आकडे एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही समोर येते. गुण दिले नाहीत, तर प्रामाणिकपणे नोंद ठेवणाऱ्याच्या कष्टाची दखलच घेतली जात नाही. स्वतःपुरते माझे मत असे झाले आहे की अधिकाऱ्याने वही तपासण्याआधी कामगाराशी बोलावे: काल उरलेले अन्न कशात काढले, किती खोल भांड्यात, फ्रीजमध्ये केव्हा गेले. ज्याने ते काम खरोखर केले आहे, तो न अडखळता सांगतो. तरीही अशा संभाषणाला गुण कसे द्यायचे आणि ते अपिलात टिकतील का, हे मला ठरवता आलेले नाही.

दुसरा प्रश्न अधिकाऱ्यांमधील फरकाचा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते, की एकच अधिकारी दिवसाच्या उत्तरार्धात कमी त्रुटी नोंदवतो आणि खूप त्रुटी सापडलेल्या ठिकाणाहून आल्यास पुढच्या ठिकाणी अधिक कडक होतो. सिअॅटल परिसरातील किंग काउंटीमध्ये अधिकाऱ्यांना जोडीने पाठवून, प्रत्येकाने स्वतंत्र नोंद करून मग आपसांत चर्चा करण्याचा प्रयोग झाला. मला तो पटतो, पण मनुष्यबळ आधीच अपुरे असलेल्या विभागाला तो कसा परवडावा?

हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण हेच गुण पुढे दारावर लागतात. लॉस एंजेलिस काउंटीने १९९८ पासून अक्षरश्रेणी (ए, बी, सी) दारावर लावायला सुरुवात केली, तर डेन्मार्कमध्ये २००१ पासून हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांसह तपासणी अहवाल प्रवेशद्वाराशी लावावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये श्रेणीमुळे अन्नजन्य आजारांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण घटले, असा २००३च्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. त्या अभ्यासाच्या २०१९ मधील फेरपडताळणीत तो निष्कर्ष टिकला नाही. त्यामुळे ग्राहकाला अहवाल वाचायला मिळणे हा त्याचा हक्कच आहे असे मानूनही, केवळ श्रेणीच्या धाकाने स्वयंपाकघर सुधारेल असे मी मसुद्यात लिहू शकत नाही.

तरी कृपया पुढील बाबींवर अनुभव सांगावा. अन्न निवण्याची पडताळणी आपण प्रत्यक्ष कशी करता. बंद होण्याच्या वेळी अचानक तपासणी केल्यास खरेच वेगळे चित्र दिसते का? आजारी कामगाराला घरी पाठवल्यास त्याची मजुरी बुडते, म्हणून तो आजार लपवतो. भरपगारी रजा असणे ही बाब गुणसूचीत घेतल्याचे उदाहरण कोणाला माहीत आहे का? आणि फरशीसारख्या किरकोळ त्रुटींसाठी गुण न कापता केवळ सुधारणा नोटीस दिली, तर त्या दुरुस्त होतात की पुढच्या तपासणीपर्यंत तशाच राहतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर गुणांची निम्मी मांडणी मला लगेच बदलता येईल.