गॉथिक क्राउन: आकड्यापेक्षा अवस्था बघा
१८४७ चे गॉथिक क्राउन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चांदीचं ब्रिटिश नाणं, फक्त ८,००० पाडले म्हणून ते महाग, असं म्हणतात ते अर्धंच खरं. देखणं नाणं म्हणून लोकांनी ते खर्च न करता जपलं, त्यामुळे शिल्लक बरीच आहेत. पण फडक्याने घासून घासून चमकवलेली! भाव पडतो तो तिथे. कॅटलॉगच्या फोटोत झकास दिसणारं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं की राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे दिसतात. कडही तपासा. कधीकाळी ब्रोचमध्ये बसवलेलं असेल तर डाख दिल्याची खूण सापडते. उलट, कडेवर नेहमीची अक्षरंच नसतील तर तो वेगळा, जास्त दुर्मिळ प्रकार.

आणि लिलावात बोली लावताना हॅमर प्राइसवर (शेवटच्या बोलीच्या रकमेवर) बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते जादा शुल्क, धराच, लंडनला तो बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांच्या खाली नसतो.