सातवीला वारली: तांदळाची पेस्ट निघून जाते, काय चुकतंय?

चित्रकला_कळवा: ठाण्यातली शाळा, वर्गात ४० मुलं, जोडतास ७० मिनिटांचा. पोस्टर कलर टाळून तांदूळ-गेरूवरच करायचं आहे. पण सुकल्यावर पांढरं झडतं आणि गेरू हाताला लागतो. जाड पुठ्ठा आहे.

गेरूवाला: दोन्हींत चिकटवण कमी पडतंय. १ वाटी तांदूळ किमान ४ तास भिजवा, बारीक वाटा आणि मलमलमधून गाळा, नाहीतर रेघ खरखरीत उठते. वाटीभर पेस्टला बाभळीच्या डिंकाचं घट्ट पाणी २ चमचे. त्याहून जास्त झालं तर रेघ सुकताना तडकते. दाटपणा घट्ट ताकाइतका. गेरूत फेविकॉल मिसळा, ४ चमच्यांना १. पुठ्ठ्याला मागूनही गेरूचा एक हात द्या, नाहीतर तो वाकतो. हे आदल्या दिवशीच, कारण ओल्या गेरूवर पांढरं गुलाबी पडतं. पेस्ट मात्र त्याच सकाळी वाटा, आपल्या दमट हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते.

आणखी एक, ओली रेघ फिकी दिसते, पांढरेपणा सुकल्यावर येतो. हे आधी सांगितलं नाही की मुलं तीच रेघ तीनदा गिरवतात आणि सगळं फुगतं.

काडी_बांबूची: ब्रश देऊ नका. बांबूच्या काडीचं टोक भिजवून दगडाने ठेचलं की धागे सुटतात, तेवढं पुरे. माणूस काढताना आधी टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वरचा मोठा. मग डोकं, हातपाय शेवटी. हातपाय आधी काढले की तोल जातो. तारपा (फुंकून वाजवायचं वारली वाद्य) नाचात मुलं वर्तुळ बंद करून टाकतात. ते शंखासारखं आत वळत जातं. वाजवणारा आधी काढा आणि फेर त्याच्याभोवती खडूने आखून घ्या. तारप्याकडे पाठ करायची नाही, ही नाचातलीच रीत.

पाडा_येऊर: लग्नचौक मात्र वर्गात विषय म्हणून देऊ नका. तो लग्नात सवाशिणी भिंतीवर काढतात, आत पालघट देवी असते. नक्षी म्हणून वहीत उतरवायची ती गोष्ट नाही. शेती, नाच, मासेमारी, घर हे विषय घ्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री २०११) यांनी १९७०च्या दशकात कागद-कापडावर रोजचं जगणंच आणलं.

शक्य असेल तर येऊरच्या पाड्यांवर किंवा डहाणू-जव्हारकडे चौकशी करून वारली चित्रकार बोलवा, मानधन देऊन. 'प्रमाणपत्र देतो' एवढ्यावर बोलवू नये.

चित्रकला_कळवा: मागून हात द्यायचा हे डोक्यातच नव्हतं. चौक वगळते. काड्या ४० ऐवजी ५० ठेचून ठेवते, काही मोडणारच.