धाब्याच्या घरात मोबाईल डेटावरचा कॉल तुटतो, काय घ्यावं? (बजेट ३०००)

यावलची_लेक
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात. जुनं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर एक छोटी माडी आणि तिच्यावर पत्रे. मी पुण्यात, भाऊ दुबईत. रात्री ८ ते १० मध्ये आम्हा सगळ्यांना बोलायचं असतं. नेटवरून कॉल लावला की दांड्या पूर्ण दिसतात, पण बाबांचा आवाज तुटत येतो, मध्येच घुमतो. आमचं त्यांना बऱ्यापैकी ऐकू जातं. फोन ४जी आहे. गावात फायबर नाही. बजेट ३०००, त्यात यंत्र आणि बाकी सामान सगळं बसवायचं आहे. कुठलं अ‍ॅप, कुठलं यंत्र?

शिरपूरकर
५जी एअरफायबर (तारेऐवजी टॉवरवरून येणारं घरचं नेट) घ्या, विषय संपला. महिन्याला सहाशेच्या आसपास अधिक जीएसटी. धाब्यावर डबा बसतो, खाली वायफाय मिळतं. आमच्याकडे हेच आहे, एकदाही तुटत नाही.

आरएफवाला_जळगाव
ताई, काही विकत घेण्याआधी मोजा. दांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक फोन आपल्या हिशेबाने दाखवतो. बाबांच्या फोनवर नेटमॉन्स्टर अ‍ॅप टाका, किंवा डायल करायच्या जागी *#*#४६३६#*#* टाका (सॅमसंग असेल तर *#००११#). दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा जोर: -९० पर्यंत उत्तम, -१०५ पर्यंत चालतं, -११० च्या खाली कॉल रडतो. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून टॉवर किती स्वच्छ ऐकू येतो: १० च्या वर हवा, ० ते ३ असेल तर दांड्या पूर्ण असूनही आवाज तुटेल. सोबत बँडचा नंबरही लिहून घ्या. ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, ३ म्हणजे १८००, ४० म्हणजे २३००.
मोजायचं चार जागी: बाबा बसतात ती खोली, ओटा, माडीची खिडकी, धाब्यावर उघड्यात. दुपारी एकदा आणि रात्री ८:३० ला एकदा. एवढं झालं की पुढचं सांगतो.

भुसावळ_जंक्शन
मोजामोजी कशाला? साडेतीन हजारात सिग्नल बूस्टर मिळतो. आत एक अँटेना, बाहेर एक. लावला की दांड्या फुल.

चोपडेकर
मी सांगस ते आयका ताई, बूस्टर लेवानं नही. एक तर विनापरवाना रिपीटर (म्हणजे हाच बूस्टर) लावणं हा गुन्हा आहे, यंत्र जप्त होतं, केस होते. दुसरं, आतली आणि बाहेरची अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की बूस्टर स्वतःशीच शिट्टी मारत बसतो. माइक स्पीकरजवळ नेल्यावर होतं तसंच. तो गोंगाट टॉवरच्या कानात जातो आणि अख्ख्या गावाचे कॉल बिघडतात. ऑनलाइन विकायला आहे म्हणून वापरायला परवानगी आहे असं नाही.

तापीकाठ
मूळ प्रश्नच वेगळा आहे. नेटवरून कॉल करायचाच कशाला? साधा व्होल्टी कॉल (४जीवरून जाणारा नेहमीचा नंबर लावून केलेला कॉल) आणि अ‍ॅपवरचा कॉल एकाच टॉवरवरून जात असले तरी त्यांची रांग वेगळी. व्होल्टीच्या आवाजाला क्यूसीआय १ (टॉवरवरचा प्राधान्याचा वर्ग) हा वेगळा बेअरर, म्हणजे वेगळी वाट मिळते, त्यात वेग राखून ठेवलेला असतो आणि उशिराचं उद्दिष्ट १०० मिलिसेकंद. अ‍ॅपवरचा कॉल साध्या इंटरनेटबरोबर, बहुधा क्यूसीआय ९ मध्ये जातो. तिथे उद्दिष्ट ३०० मिलिसेकंद आणि राखीव काहीच नाही. रात्री ८ ला सगळं गाव व्हिडिओ बघायला बसलं की तुमच्या बाबांचा आवाज त्याच गर्दीत ढकलाढकली करतो. रिचार्जमध्ये साधे कॉल अमर्यादित आहेतच. तीन हजार वाचवा.

यावलची_लेक
तापीकाठ, पुणे-यावल साधा कॉल आम्ही करतोच. पण भाऊ दुबईत आहे, रोज तासभर आयएसडी परवडत नाही. आणि तिघांनी एकत्र बोलायचं असतं. तिकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाही, तो कंपनीच्या वायफायवर बसून दुसरं काहीतरी करतो.

धुळेकर_७२
भावाला व्हीपीएन टाकायला सांगा. सगळे तेच करतात.

चोपडेकर
कृपा करून हा सल्ला देऊ नका. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात आयपी पत्ता लपवून गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. नोकरीवर गेलेल्या पोराने ती जोखीम का घ्यायची? तिथे परवानगी असलेली अ‍ॅप आहेत: बॉटिम, गोचॅट, शिवाय झूम आणि टीम्स. इकडे तुम्हीही तेच अ‍ॅप टाका. शिवाय व्हीपीएनने कॉल आणखी बिघडतो, कारण प्रत्येक पॅकेट लांबचा वळसा घेतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांत असेल तर बोलणं सहज वाटतं. ४०० च्या पुढे गेला की दोघं एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी गप्प होतात.

शिरपूरकर
नेट कॉलने डेटा फार खातो हेही बघा. मिनिटाला ५ एमबी तरी जातात.

आरएफवाला_जळगाव
नाही, तो व्हिडिओ झाला. आवाजाचा हिशेब असा. जुना जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) ६४ केबीपीएस. दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीचे मिळून ४० बाइट पत्ता लिहायलाच जातात, म्हणून एका बाजूने ८० केबीपीएस. दोन्ही बाजू मिळून मिनिटाला १.२ एमबी. जी.७२९ असेल तर आवाज फक्त ८ केबीपीएस, पण पत्त्याचे १६ मिळून २४. आजची बहुतेक अ‍ॅप ओपस वापरतात. २४ केबीपीएसचा ओपस धरला तर मिनिटाला ०.६ एमबी, तासाला ३६.
म्हणून डेटा संपायची काळजी नाही. काळजी आहे ती रोजचा कोटा आधीच संपला असेल तर. मग बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात जी.७११ बसतच नाही, आणि ओपस बसला तरी मागे एखादा फोटो डाउनलोड होऊ लागला की आवाज गेला. रात्री ८ पर्यंत बाबांचा कोटा शिल्लक असतो का, हे आधी बघा.

केळीबाग
कोटा आधी बघा, बरोबर. आमच्याकडेही तेच निघालं होतं.

लिनक्सभाऊ_अमळनेर
ही सगळी अ‍ॅप सोडा. स्वतःचा एसआयपी (नेटवरून कॉल जोडायची खुली पद्धत) सर्व्हर टाका, फोनवर लिनफोन अ‍ॅप. एकाच बाजूचा आवाज जातो म्हणजे नॅटचा (अनेक फोन एकाच पत्त्यामागे बसवण्याचा) घोळ आहे. मोबाईल कंपनी एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक बसवते (फोनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तेच), म्हणून सर्व्हर घरी न ठेवता भाड्याने घ्यायचा. ५०६० ऐवजी ५०६१ वर टीएलएस, स्टन आणि टर्न (नॅटमधून वाट काढायच्या सोयी) दोन्ही चालू, किप-अलाइव्ह २५ सेकंद. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटत असेल तर एसीके (कॉल उचलल्याची पोच) परत पोचत नाही असं समजा. त्यात कॉन्टॅक्टचा पत्ता किंवा राउटरमधला एसआयपी एएलजी (कॉलची पॅकेटं मध्येच बदलणारी सोय) दोषी असतो, तो एएलजी बंद करा.

आरएफवाला_जळगाव
माहिती बरोबर, पण इथे लागू नाही. नॅटचा घोळ असेल तर एका बाजूचा आवाज पहिल्या सेकंदापासून येतच नाही. ताईंच्या बाबांचा येतो आणि तुटतो. हा अपलिंकचा (फोनकडून टॉवरकडे जाण्याचा) आजार. टॉवर दहा-वीस वॅटने बोलतो, फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने (२३ डीबीएम). त्यामुळे टॉवरचं बोलणं मातीच्या भिंतीतून आत येतं, पण फोनचं बाहेर पोचत नाही. म्हणून मुलांचं त्यांना ऐकू जातं, त्यांचं मुलांना नाही.

लिनक्सभाऊ_अमळनेर
हे मान्य. तरी आई-बाबांसाठी स्वतःचा सर्व्हर हीच खात्रीची सोय, यावर मी ठाम आहे.

चोपडेकर
आणि त्या सर्व्हरवरून साध्या मोबाईल नंबरला कॉल जोडायचा तर परवानाधारक कंपनीमार्फतच. घरी सिमबॉक्स (नेटवरचे कॉल सिममधून साध्या नंबरला जोडणारं यंत्र) लावून जोडणं बेकायदा आहे. कोणी धागा वाचून प्रयोग करू नये म्हणून लिहितोय.

नवापूर_मोबाईल
यंत्र घ्यायच्या आधी फोनमधल्या या गोष्टी करा, फुकट आहेत.
बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला ‘निर्बंध नाही’ करा, नाहीतर पडदा बंद झाला की फोन त्याचा गळा दाबतो. डेटा सेव्हर चालू असेल तर अ‍ॅपला सूट द्या. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर स्टोरेज अँड डेटामध्ये ‘कॉलसाठी कमी डेटा’ चालू करा, कमजोर जागी तेच टिकतं. प्रायव्हसीच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘कॉलमध्ये आयपी पत्ता लपवा’ चालू असेल तर बंद करा. त्याने प्रत्येक कॉल कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातो आणि आवाजाचा दर्जा घसरतो. ५जी फोन असेल आणि गावात ५जी येतं-जातं असेल तर नेटवर्क फक्त ४जीवर ठेवा, उड्या मारताना आवाज अडतो. आणि फोनवरचं जाड धातूचं कव्हर काढा.

यावलची_लेक
धन्यवाद सगळ्यांना. कोटा शिल्लक असतो. सेटिंग बदलल्या, थोडा फरक आहे, पण तुटतंच. भाच्याने मोजून पाठवलं. बाबांची खोली -११३, एसआयएनआर १, बँड ५. ओटा -१०४, ६, बँड ५. माडीची दक्षिणेची खिडकी -९६, १३, बँड ४०. धाब्यावर -९३, १५, बँड ४०. हे रात्री ८:३० चे. दुपारी खोलीत एसआयएनआर ५ होता.

आरएफवाला_जळगाव
सगळं उलगडलं. खोलीत फोन ८५० वर येतो, कारण तोच मातीतून आत शिरतो. पण त्या बँडची रुंदी कमी आणि गाव सगळं त्याच्यावर, म्हणून रात्री दम निघतो. वर २३०० मिळतो, तो मोकळा आहे. म्हणजे तुमचं सिम वर बसायला हवं आणि खाली फक्त वायफाय यायला हवं. सिम घालायचा ४जी राउटर माडीच्या खिडकीत ठेवा. अँटेना काढता येणारा, एसएमए (स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या) जोडणीचा घ्या, म्हणजे पुढे गरज पडली तर बाहेरची अँटेना लावता येईल. दोन अँटेना असतील तर एक ४५ अंश डावीकडे, दुसरी उजवीकडे कलती ठेवायची.

शिरपूरकर
चांगला राउटर चार-पाच हजारांपुढेच. बजेट वाढवाच, एकदाच होतो खर्च.

भुसावळ_जंक्शन
राउटर खाली ठेवा आणि अँटेनाच धाब्यावर न्या. वायर ओढली की झालं.

आरएफवाला_जळगाव
वायरीतच सगळं जातं. स्वस्त आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. दहा मीटर ओढली की १० डेसिबल गेले, म्हणजे अँटेनाने कमावलं ते केबलने गिळलं. एलएमआर-४०० ला दहा मीटरमागे दोनच जातात, पण ती जाड आणि महाग, आणि अशा दोन लागतात. त्यापेक्षा राउटर वर ठेवून खाली लॅन केबल सोडा, ती १०० मीटरपर्यंत काही गमावत नाही.

केळीबाग
घराच्या दक्षिणेला केळी आहे का? बाग उंच झाली की ओली पानं २३०० चा सिग्नल चांगलाच खातात. उन्हाळ्यात मोजलेला आकडा पावसाळ्यात टिकेलच असं नाही.

तापीकाठ
आणि वीज गेली की काय? राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हवाच. भारनियमनात टॉवरचीच बॅटरी उतरते तेव्हा तर कोणाचंच काही चालत नाही. आमच्या भागात तक्रारी करून थकलो, उत्तर दरवेळी एकच: काम चालू आहे.

यावलची_लेक
सगळ्यांचं वाचलं. ठरवलं ते असं: राउटर घेत नाही. माझा जुना ४जी फोन घरी पडून आहे, तो माडीच्या खिडकीत ठेवून हॉटस्पॉट करणार. नवं सिम त्याच कंपनीचं. बाबांचा नंबर त्यांच्या फोनमध्येच राहील, म्हणजे साधे कॉलही येतील. भावासाठी बॉटिम.

आरएफवाला_जळगाव
ताई, हे करू नका असंच सांगेन. बाराही महिने चार्जरवर ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगते. मे महिन्यात जळगावकडे पारा ४५ ला जातो, पत्र्याखालची माडी त्याहून तापते. फोन गरम झाला की आधी चार्जिंग थांबवतो, मग स्वतःच बंद होतो.

शिरपूरकर
+१, राउटरच घ्या.

यावलची_लेक
धोका समजला. पण आई-बाबांना नवं यंत्र, नवी वायर नको आहे, आणि फोन बिघडला तर भाचा बदलू शकतो. आधी उन्हाळ्यापर्यंत हेच करून बघते.

नवापूर_मोबाईल
मग नीट करा. फोन पत्र्याजवळ नाही, खिडकीच्या खालच्या दगडी कठड्यावर, कव्हर काढून, पडदा खाली करून. दक्षिणेची खिडकी बरी, मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो त्यामुळे थेट ऊन कमी लागतं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर टायमरचा सॉकेट लावा: सकाळी ६ ते ८, संध्याकाळी ६ ते ८. कॉलच्या वेळी चार्जिंग नको, तेव्हाच फोन सर्वांत जास्त तापतो.
हॉटस्पॉटमध्ये दोन गोष्टी विसरतात. ‘कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद’ हे बंद करा, नाहीतर बाबा ओट्यावरून आत येईपर्यंत हॉटस्पॉट गेलेला असेल. आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, ५ गिगाहर्ट्झ मातीच्या भिंतीतून जात नाही. जोडणीची मर्यादा २ वर ठेवा, नाहीतर गल्लीतली पोरं रात्री ८ लाच व्हिडिओ लावतील.
महिन्यातून एकदा फोन सपाट पाटावर ठेवून बघायला सांगा. डुलला तर बॅटरी फुगली आहे, त्याच दिवशी काढून टाका.

यावलची_लेक
टायमरचा सॉकेट आजच सांगते. माडीच्या जिन्याजवळ वायफाय पोचलं नाही तर फोन जिन्याच्या तोंडाशी आणायचा की बाबांनी खुर्ची हलवायची?

आरएफवाला_जळगाव
खुर्ची हलवा. फोन खिडकीतून हलला की २३०० सुटेल आणि तो परत ८५० वर जाऊन बसेल.