अनुभव धागा: गिटार, वऱ्हाडी गाणी आणि बंद केलेला कूलर

शनिवारी धरमपेठेतल्या आपल्या अकूस्टिक मैफलीत नागपूरचाच एक गायक-गीतकार गाऊन गेला. गाणी वऱ्हाडीत, शब्द आणि चाली त्याच्याच. हातात गिटार, गळ्यात अडकवलेला माउथऑर्गन आणि बाजूला खंजिरीवर एक मित्र. बाज अर्धा आपल्याकडच्या लोकगीतांचा, अर्धा अमेरिकेतल्या गावाकडच्या, म्हणजे कंट्री संगीताचा. माइक नाही, स्पीकर नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी इथे लिहावं. नुसतं ‘छान झालं’ म्हणून थांबू नका. कुठलं गाणं आत गेलं, काय खटकलं, तेही येऊ द्या. गाणाराही वाचतो आहे.

मूळचे हिंगणघाटकडचे, आता मनीषनगर

कंट्री म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, मुलीने आग्रह केला म्हणून आलो. तिसरं गाणं कापसाचं निघालं.

रातभर चालली बंडी, पाहाटी लागली रांग,
भाव तं कोनी सांगेना, कापसा तूच सांग.

1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ही पद्धत सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होतो. संकलन केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग गावाच्या वेशीपर्यंत जायची. बाबा बंडीखालीच पोतं अंथरून झोपायचे आणि मी भाकर-झुणका घेऊन जायचो. नंबर लागला की कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून पाहायचा. वर्षभराच्या मेहनतीचं काय होणार ते तिथे ठरायचं. बाबा त्या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, बोटांकडे पाहत.

गाण्यात नेमकी ही जागा आली तेव्हा त्या पोराने सगळं वाजवणं थांबवलं आणि एकच तार बोटाने हळूहळू ओढत नेली. सूर चढत चढत गेला आणि त्याने तो तिथेच सोडून दिला. ग्रेड काय लागली ते गाण्यात सांगितलंच नाही. हे ज्याने रांगेत उभं राहून पाहिलं, किंवा पाहिलेल्याकडून नीट ऐकून घेतलं, त्यालाच सुचू शकतं. घरी जाताना अख्खा वर्धा रोड मी मुलीला त्या रांगेचंच सांगत होतो.

गिटार शिकवतो, प्रतापनगर

काका, ती ओढलेली तार म्हणजे आमच्याकडचा ‘बेंड’. इतक्या सावकाश ओढणं अवघड असतं, बोट थरथरलं की सूर फाटतो.

बाकी त्याचं वाजवणं दिसायला साधं आहे. बहुतेक गाण्यांना जी, सी, डी एवढेच कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर), दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा). खरी गंमत उजव्या हातात. अंगठा जाड तारांवर चाल वाजवतो आणि तर्जनी बारीक तारांवर ठेका धरते, त्यामुळे एका गिटारीत दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. ही पद्धत कंट्री संगीतातल्या कार्टर कुटुंबाच्या मेबेल कार्टरमुळे जगभर गेली. 1927 च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाची गाणी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली; त्याच दिवसांत तिथे कंट्रीचा दुसरा मोठा गायक जिमी रॉजर्सही गायला. कार्टरांपैकी ए. पी. कार्टर डोंगरातल्या घरोघरी फिरून जुनी गाणी गोळा करायचा. सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाली ध्यानात ठेवायचा. त्या साऱ्या संगीताच्या पायात अशी गावोगावची माणसं आहेत, म्हणून ते आपल्या बोलीला परकं वाटत नाही.

खंजिरी तर मला फारच आवडली. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे तो ठेका विदर्भात कुणाला शिकवावा लागत नाही. दुसऱ्या कडव्यापासून मागच्या रांगेतले काका लोक मांडीवर बरोबर ठेका धरत होते.

एम. ए.च्या वर्गात आहे, सक्करदरा

मी आजीला घेऊन आले होते. तिचे गुडघे दुखतात, जिना चढवताना दोन दादांनी मदत केली, त्यांचे आभार. एका गाण्याचं धृपद त्याने सगळ्यांना म्हणायला लावलं. आजीनेही म्हटलं, पण ओळ संपली की ती जरा वेगळीच वळायची. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, “आजी, तुमची चाल कोनती?” आजी म्हणाली, “आमच्या भुलाबाईची हाय बाप्पा.” भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्या घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या, शेवटी डबा वाजवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. त्याने तिथेच आजीकडून ती वळणाची जागा दोनदा म्हणवून घेतली आणि धृपद तसंच पुन्हा गायला. घरी आल्यापासून आजीला एकेक गाणं आठवतं आहे, मी वहीत उतरवते आहे. बरीच गाणी मला पहिल्यांदाच कळताहेत. घरात असून मी कधी विचारलंच नव्हतं.

भिवापूर

मला खटकलं ते सांगतो. इतवारी-नागभीड छोट्या (नॅरोगेज) गाडीचं गाणं फार जोरात पळतं. ती गाडी 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. तोवर आम्ही त्याच गाडीने उमरेड, नागपूर केलं. मिरचीची पोती दाराशी रचलेली असायची, अख्ख्या डब्याला ठसका लागायचा. पोट्टे उतरून धावत पुढच्या डब्यात चढायचे, इतका तिचा वेग. माउथऑर्गनवर काढलेली शिटी मात्र हुबेहूब, अंगावर काटा आला. पण लय थोडी बसवा भाऊ. अमेरिकेची गाडी पळत असेल, आमची दमानं जायची.

नोकरीत आहे, हिंगणा रोड

कॅफेतल्या ओपन माइकला बरेचदा जातो. तिथे कॉफीचं मशीन आणि गप्पा यांच्यावरून गावं लागतं, म्हणून सगळेच ओरडतात. इथे पहिल्यांदा गाण्यातला प्रत्येक शब्द कळला.

मैफलीची व्यवस्था पाहणारी

शब्द कळावेत म्हणूनच कूलर बंद करत होतो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणायला जीव धजत नाही, पण तो चालू असला की माइकशिवाय तिसऱ्या रांगेत काही पोचत नाही. शिवाय वाळ्याच्या ताट्यांतून येणारा गार झोत गिटारीवर आला की तारा आखडतात आणि सूर वर सरकतो, दर गाण्याला जुळवत बसावं लागतं. म्हणून गाणं सुरू असताना बंद, मधल्या गप्पांत चालू. खुर्च्या अर्धवर्तुळात ठेवल्या, भिंतीवर सतरंज्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. घामाघूम होऊनही कुणी उठलं नाही, हे मी दारापाशी उभी राहून पाहिलं आहे. पुढच्या वेळी माठ दोन ठेवू.

गाणारा

सगळं वाचलं. काका, बाबांच्या बोटांचं तुम्ही लिहिलं ते माझ्या गाण्यात नाही, ते यायला पाहिजे होतं. चालत असेल तर एक कडवं वाढवतो, पहिले तुम्हाला म्हणून दाखवीन. भिवापूरच्या दादा, घरी लय कमी करून वाजवलं आणि मिरचीच्या पोत्यांना आता गाण्यात जागा झाली, आधी ती मावतच नव्हती. आणि सक्करदऱ्याच्या ताई, आजींना विचारून सांगा, रविवारी सकाळी खंजिरीवाल्या मित्राला घेऊन आलो तर चालेल काय? गिटार आणत नाही, फक्त ऐकाले येतो.