मदत हवी आहे: खोटं ‘छान’ न लिहिता मुलांना धीर कसा द्यावा?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. प्रत्येक वहीत ‘छान’, ‘शाब्बास’ लिहायची सवयच झाली होती. परवा एक मुलगी भागाकाराचं पान दाखवून म्हणाली, “बाई, हे चुकलंय ना? मग छान का लिहिलंत?” फार लागलं मनाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशकासाठी सच्चेपणाची अट मांडली, पुढे शिक्षकालाही तीच लावली, डी.एड.ला हे नुसतं पाठ केलं होतं.

आता तिला नेमकं सांगते, “भाग बरोबर लावतेस, वजाबाकीत हातचा सुटतो.” तिला ते आवडतं. पण दोन-तीन मुलं चूक ऐकली की वहीच मिटतात. त्यांच्याशी खरं बोलताना तुम्ही कोणते शब्द वापरता? तुमची वाक्यं जशीच्या तशी लिहाल का?